त्या सिनेमात माझे हात आहेत

"बाई, तुमचे हात पाह्यजेत," असं माझी एक जुनी विद्यार्थिनी फोनवर म्हणाली, तेव्हा मला वाटलं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा असेल. चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी अशी बोलावणी यायची. कुठे रांगोळी स्पर्धेला परीक्षक, कुठे गणपतीची सजावट, कुणाच्या मुलीच्या रुखवताला चार अक्षरं. मी नाही म्हणत नसे. नाही म्हणून दुपारभर करायचं काय?

"तसं नाही बाई," ती म्हणाली. "खरंच हात पाह्यजेत. सिनेमासाठी."

ही मुलगी शाळेत असताना कधी वही वेळेवर आणायची नाही. आता बाहेरून शूटिंगला येणाऱ्या लोकांची नागपुरातली सगळी व्यवस्था तिच्याकडे असते. बंगला शोधणं, गाड्या, जेवण, परवानग्या. मुंबईहून एक युनिट आलं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या कौलारू बंगल्यात ऐतिहासिक सिनेमा चालला होता. गोष्ट एका चित्रकार बाईची. बायकांनी चित्र काढायचं ते दारापुढच्या रांगोळीत, अशा काळात ती कला शाळेत शिकायला गेली, पुरुषांच्या वर्गात एकटी बसली, आणि पुढे मोठमोठ्या लोकांनी तिच्यापुढे बसून स्वतःची चित्रं काढून घेतली. सिनेमाच्या दुसऱ्या भागात ती म्हातारी होते. पण नटी सव्वीस वर्षांची.

"तोंड केलं त्यायनं म्हातारं, मस्त केलं. पण हात रबराचे दिसून राहिले, बाई. अन् खरी म्हातारी बाई आणली तं तिले ब्रशच धरता येत नाही. मग मले तुम्ही आठवल्या."

"म्हातारी म्हणून आठवले का वं?"

"नाही बाई," ती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "म्हणजे हाव. थोडंसं."

दुसऱ्या दिवशी मी गेले. दिग्दर्शिका पंचेचाळिशीची, कमी बोलणारी बाई होती. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, शिरांवरून बोट फिरवलं. उजव्या मनगटापाशी एक जुना डाग आहे, तिथे थांबली.

"हा कशाचा?"

"तव्याचा."

"राहू दे. छान आहे."

एवढीच माझी परीक्षा. चित्र येतं का, हे तिनं विचारलंही नाही. ते काम कलादिग्दर्शकाचं होतं. त्यानं मला मागच्या खोलीत नेऊन सारख्या मापाचे पाच कोरे कॅनव्हास दाखवले. सिनेमात ती चित्रकार म्हातारपणी आपल्या आईचं चित्र काढते, आई जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, नुसत्या आठवणीवरून. ते चित्र पडद्यावर हळूहळू पुरं होताना दिसायला हवं. शूटिंग मात्र उलटसुलट क्रमानं होतं, म्हणून एकच चित्र पाच वेळा काढून ठेवायचं. पहिल्यावर नुसत्या रेषा, दुसऱ्यावर तपकिरी छाया, तिसऱ्यावर अर्धा चेहरा, चौथा जवळजवळ पुरा, पाचवा पूर्ण.

"आईचं काम कोण करतंय?" मी विचारलं.

"कुणीच नाही. आई सिनेमात नाहीच आहे, फक्त चित्रात आहे. फोटोवरून मात्र काढू नका हं, मग त्याच्या परवानगीची भानगड होते. तुमच्या मनानं काढा. कुठलाही चेहरा चालेल."

कुठलाही चेहरा म्हटल्यावर माझ्यापुढे एकच चेहरा होता.

माझी ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, तिला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि तिनं मला चित्रकलेला घातलं. नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं होतं. पोरीला डीएड कर म्हणाव, चित्रं काढून कोणाचं भलं झालं आहे? ताईनं ऐकलं नाही. तिचंही लग्न झालं नाही, माझंही नाही. खामल्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही एकोणतीस वर्षं एकत्र राहिलो. या फोनच्या चार वर्षं आधी ती गेली.

ताईला दमा होता. मी कला शाळेतून बाहेर पडले तेव्हा तैलरंगात काम करायचे. व्यक्तिचित्रं बरी जमायची, सर म्हणायचे की हात आहे. पण टर्पेंटाइनच्या वासानं ताईला धाप लागायची. पहिल्यांदा तिला तसा झटका आला त्या दिवशी मी रंगांच्या ट्यूबा एका पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि तो पलंगाखाली सारला. पुढे पेन्सिल, पुढे जलरंग, पुढे शाळेचे फळे आणि तक्ते. लोकांना मी सांगायचे, ताईच्या दम्यामुळे सोडलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण ताई कितीदा म्हणाली असेल, "काढ ना वं, मी खाली गार्डनमध्ये जाऊन बसते दोन तास." मी कधी काढलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याच्यानं पुढे काही व्हायचं नाही अशी भीती बसली होती, आणि तिचा दमा सांगायला सोयीचा होता. ती गेल्यानंतर चार वर्षांत कुणाची धाप आडवी येत नव्हती. तरी तो डबा मी उघडला नव्हता.

बंगल्यातल्या त्या खोलीत मी टर्पेंटाइनची बाटली उघडली, आणि वास नाकात शिरला तशी आधी उठून खिडक्या उघडल्या. मग लक्षात आलं, कुणासाठी उघडतेय? तरी उघड्याच ठेवल्या.

बारा दिवस मी ताईला काढत होते. पहिल्या कॅनव्हासवर तिच्या खांद्याची ती उतरती रेष एका झटक्यात आली आणि मी घाबरून ब्रश खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी हात अडला. डोळे आठवत होते, पण डोळ्यांखालचा भाग काही केल्या दिसेना. रोज समोर बसून जेवलेलं माणूस आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं. मी डोळे मिटून बसले, तेव्हा मला तिचा आवाज ऐकू यायचा, भाजी चिरताना वाकलेली मान दिसायची, पण गाल दिसायचा नाही. मग आठवलं, रात्री झोपताना ती चष्मा काढायची आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे असायचे. त्या खळग्यांपासून सुरुवात केली आणि बाकीचा चेहरा त्यांच्याभोवती येत गेला. तिसऱ्या कॅनव्हासवर एक डोळा पुरा झाला त्या दिवशी मी जेवणाचा डबा न खाता तसाच घरी आणला.

नटी रोज संध्याकाळी तासभर माझ्याकडे ब्रश धरायला शिकायला यायची. तरुणपणीच्या प्रसंगांत तिचेच हात दिसणार होते. पोर मेहनती होती, पण ब्रश पेनासारखा घट्ट पकडायची.

"इतका आवळू नको गं. मागे धर, शेवटाला. रंग मनगटातून नाही, खांद्यातून लावायचा."

"मागे धरला की थरथरतो, मावशी."

"थरथरू दे. चार दिवसांनी थांबेल."

पहिल्या दिवशी मी मॅडम होते, तिसऱ्या दिवशी मावशी झाले. एकदा तिसऱ्या कॅनव्हाससमोर उभी राहून तिनं विचारलं, "ह्या खऱ्या कोणी आहेत ना?"

"माझी बहीण."

"कुठे असतात?"

"आता नाही."

ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि आपली आई फोन कसा उचलत नाही, सिनेमात गेल्यापासून घरचे कसे बोलत नाहीत, ते सांगत राहिली. मला वाटलं होतं, असल्या मुलींना माणसांची काय कमतरता असणार.

मग तो प्रसंग आला. तिचा म्हातारा केलेला चेहरा आणि माझे हात एकाच चौकटीत हवे होते. त्यासाठी मला तिच्या मागे, तिच्याच स्टुलावर, तिला अगदी चिकटून बसवलं. दोघींवर एकच मोठी शाल. तिचे हात पाठीमागे बांधल्यासारखे, आणि माझे दोन हात तिच्या काखेखालून पुढे आलेले. मला समोरचं काही दिसत नव्हतं. माझा गाल तिच्या पाठीवर होता. कॅनव्हासवर ब्रश कुठे टेकवायचा ते ती हळूच सांगायची, "वर... थोडं डावीकडे... हां, तिथे." तिची पाठ वरखाली होत होती, तिचा श्वास माझ्या कानाला ऐकू येत होता, स्वच्छ, कुठेही न अडकणारा. दिवेवाल्यांचं काहीतरी बिघडत होतं म्हणून ते सगळं सकाळपासून दुपारपर्यंत चाललं. मधेच कुणीतरी विचारलं, "आजी, अवघडल्यात का? ब्रेक घ्यायचा?"

"नको," मी म्हणाले.

चार वर्षांत मी कुठल्याही माणसाच्या इतक्या जवळ बसले नव्हते. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार?

शूटिंग संपायला अजून तीन दिवस आहेत असं मला माहीत होतं. नटीला आमच्याकडची सांबारवडी खायची होती. मुंबईत सांबार म्हणजे इडलीबरोबरचं. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तिला मोठं नवल वाटलं होतं. मी पहाटे उठून गोकुळपेठेतून ताज्या जुड्या आणल्या, चाळीस वड्या तळल्या, स्टीलच्या डब्यात भरल्या आणि ऑटो करून बंगल्यावर गेले. फाटक उघडं होतं. आवारात गाड्या नव्हत्या, तंबू नव्हते. चौकीदार व्हरांडा झाडत होता.

"लोक कुठी गेले?"

"ते तं काल रात्रीच गेले जी. हिरोइनची पुढची तारीख होती म्हणते. काम लवकर आटपलं त्यायचं." मग माझ्या हातातल्या डब्याकडे पाहून म्हणाला, "तुम्हाले नाही सांगितलं काय?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "विसरले मी."

मी आत गेले. मागच्या खोलीत जमिनीवर रंगाचे ठिपके होते आणि भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासांच्या पाच उभ्या खुणा. खिडक्या कुणीतरी लावून घेतल्या होत्या. वड्यांचा डबा मी चौकीदाराला दिला. त्यानं डबा धुऊन देतो म्हटलं, तर मी म्हणाले, राहू दे. विद्यार्थिनीचा फोन दुपारी आला, तिची बिचारीची खूप धावपळ झाली होती, चार वेळा माफी मागितली. चित्रांचं विचारलं तर म्हणाली, "ते तं प्रॉपर्टी असते बाई, त्यायची. ट्रकमध्ये गेली सगळी." मी म्हटलं, हो, बरोबर आहे. पाचापैकी एक तरी मागून ठेवायला हवं होतं. पण मागताना ताईबद्दल सांगावं लागलं असतं, आणि तिथे सगळे इतके घाईत असत.

नटीचे सुरुवातीला दोन मेसेज आले. एकात तिचा ब्रश धरलेला फोटो होता, खाली लिहिलं होतं, थरथर थांबली. मी अंगठा पाठवला. पुढे काय लिहावं ते सुचलं नाही. मग तिचंही येणं बंद झालं.

सिनेमा यायला सव्वा वर्ष लागलं. पेपरात छोटी जाहिरात होती. शेजारच्या वहिनींना मी विचारलं, येता का. वहिनी आमच्या मजल्यावर आम्ही यायच्याही आधीपासून राहतात. त्या म्हणाल्या, "आली असती वं, पण नातवाची परीक्षा हाय. त्याले सोडून कशी येऊ?" विद्यार्थिनी दुसऱ्या एका शूटिंगसाठी चिखलदऱ्याला होती. मी एकटीच मेट्रोनं गेले. नेसायला ताईची एक जरीकाठी साडी काढली, मग मॉलमध्ये शिरताना उगाच लाज वाटली. दुपारचा खेळ होता. एवढ्या मोठ्या थेटरात मी धरून नऊ माणसं.

सिनेमा चांगला होता. ते आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की मी तक्रार करतेय. कला शाळेत त्या चित्रकाराला मागच्या बाकावर बसवतात, समोर पुतळा ठेवतात आणि वर्गातली मुलं मुद्दाम तिच्या आड उभी राहतात. तेव्हा ती काहीच न बोलता, दिसतं तेवढंच काढते, मुलांच्या पाठी आणि त्यांच्यामधून पुतळ्याचा एक कान. मला तो प्रसंग फार आवडला. नटीचा ब्रश कुठेही थरथरत नव्हता.

मध्यंतरानंतर ती म्हातारी झाली. आणि मग एकदम माझे हात आले. एवढे मोठे, मी घाबरलेच. तव्याचा डाग, सुजलेले सांधे, वाकडी करंगळी. माझ्या पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "किती खरे वाटतात नाही हात!" मी खुर्चीत मागे सरकले.

हात पहिली रेष काढतात. ताईचा खांदा. मग दुसरा कॅनव्हास, तपकिरी छाया, त्यात मला एकटीला कळेल अशी ताईची मान. मी दोन्ही हातांनी पर्स धरून बसले होते. आता तिसरा, आता तो डोळा.

तिसऱ्याच्या जागी त्यांनी एक नवा प्रसंग घातला होता. लहानपणी त्या चित्रकाराची आई तिला अंगणात शेणानं सारवलेल्या जमिनीवर कोळशानं रेघा मारायला देते. आईच्या कामात एक ज्येष्ठ, नावाजलेली नटी होती. आम्ही नागपूर सोडल्यावर, म्हणजे त्यांनी नागपूर सोडल्यावर, हे केव्हातरी घेतलं असणार. प्रसंग सुंदर होता. मग पुन्हा माझे हात, पुन्हा कॅनव्हास, आणि त्यावर त्या नटीचा चेहरा. माझ्या ब्रशाखाली. कॉम्प्युटरवर करतात म्हणे असं. तेच पडणारे कवडसे, तीच हिरवट पार्श्वभूमी मी घोटलेली, आणि मध्ये दुसरीच बाई. नाकाच्या बाजूचे खळगे नव्हते.

मला राग आला नाही. त्यांचं बरोबरच होतं; आई दाखवल्यावर चित्र तिच्यासारखंच हवं. कुठलाही चेहरा चालेल असं ते म्हणाले होते, आणि आता त्यांना दुसरा चालला होता. मी फक्त पाहत राहिले की अजून कुठे काही राहिलंय का. चौथ्यात नाही. पाचव्यात नाही. शेवटी ते पूर्ण झालेलं चित्र भिंतीवर लागतं आणि लोक टाळ्या वाजवतात, तिथे पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत होती. नावं सुरू झाली तशी दिवे लागले, झाडूवाल्या बाया आत आल्या. मी उभी राहून नावं वाचत होते. ती भराभर वर जात होती. माझं आलं की नाही, सांगता येत नाही. एक झाडूवाली म्हणाली, "मावशी, संपला पिक्चर."

घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तसं बोलायला कुणी नव्हतंच, पण भाजीवाल्यालाही हातानंच दाखवलं. तिसऱ्या दिवशी फोनमध्ये शोधता शोधता एक नंबर सापडला. शूटिंगमध्ये एक मुलगी होती, तिचं काम एवढंच की आधीच्या दिवशी वस्तू कुठे होती, पदर कोणत्या खांद्यावर होता, याची नोंद ठेवायची. ती प्रत्येक गोष्टीचे फोटो काढायची. मी लिहिलं, मागच्या वर्षीच्या त्या पाच चित्रांचे फोटो असतील का? उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही. मग आलं: "हो आजी! थांबा शोधते." आणि एकामागून एक पाच फोटो.

प्रत्येक कॅनव्हाससमोर कुणाचा तरी हात काळी पाटी धरून होता, प्रसंगाचा आकडा लिहिलेली. पाटीनं ताईची हनुवटी झाकली होती. पण वर ती होती. एका डोळ्याची, मग दोन डोळ्यांची, मग पूर्ण.

मी खाली लिहिलं, "मूळ चित्रं कुठे आहेत?" ती म्हणाली, गोडाऊनमध्ये होती, पण कॅनव्हास पुन्हा वापरतात, पांढरा रंग मारून. बहुतेक नसतील आता. सॉरी आजी. मी लिहिलं, काही हरकत नाही, तू फोटो पाठवलेस हेच खूप.

खामल्याच्या चौकात फोटोवाला आहे, त्याच्याकडे पाचवा फोटो मोठा करून घेतला. तो म्हणाला, "मॅडम, ही पाटी काढून टाकू का? होते कॉम्प्युटरवर. खालची हनुवटी मी बनवून देतो, कोणाले समजणार नाही."

"नको," मी म्हणाले. "जशी आहे तशी दे."

भिंतीत खिळा ठोकायला वहिनींच्या मुलाला बोलावलं होतं, तर त्याच्याऐवजी वहिनीच हातोडी घेऊन आल्या. फोटो पलंगावर पडलेला होता. त्यांनी तो उचलला, खिडकीपाशी नेला आणि चष्मा डोक्यावरून खाली घेतला.

"अगं बाप्पा," त्या म्हणाल्या. "ह्या तं आपल्या मोठ्या बाई होत."

मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"तू काढलं? कव्हा काढलं वं? अन् हे समोर पाटी काहून धरली?"

मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून. सांगायला बराच वेळ लागला. त्यांनी मधे एकदाही नातवाचं नाव काढलं नाही. शेवटी म्हणाल्या, "चष्म्याच्या खुणा बरोबर घेतल्या तू. मले आठवते, चष्मा पुसाले काढायच्या तं असंच दिसे." मग खिळा ठोकला. जरा वाकडा गेला. चहा घेऊन त्या गेल्या, आणि मी दोन्ही कप धुऊन पालथे घातले.